अप्पांच्या मनगटातलं कडं

शिवरंजनीनं बर्फासाठी फ्रीजचा वरचा कप्पा उघडला, तर मटारांच्या पिशवीखाली तिच्या हाताला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली धातूची एक जाडसर पट्टी लागली.

"अहो, हे काय ठेवलंय इथं?"

"हात लावू नकोस! अप्पांचं कडं आहे ते," विरेश आतून ओरडला. "बाहेर राहिलं की कडक होतं."

"कडं आहे का कुल्फी?"

विरेश धाराशिवच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. तिथं अ‍ॅल्युमिनियमचे सुटे भाग बनत. साध्या अ‍ॅल्युमिनियमचे नव्हे, शंभरात चारेक भाग तांबं घातलेल्या. या धातूबद्दल कुणी काही विचारलं की विरेशचा चेहरा उजळे. अडचण एवढीच होती, की कुणी विचारत नसे.

विचारलं ते थेट सासऱ्यांनी. माणिकप्पांचं नळदुर्गला कापडाचं दुकान होतं आणि कापड मोजून मोजून त्यांचं डावं मनगट दुखायला लागलं होतं. तांब्याचं कडं घाला, असं कुणीतरी सांगितलं. पण ते त्यांना जड वाटे. जावयाच्या धातूत तांबं असतं आणि तो हलकाही असतो, हे ऐकून त्यांनी फोन केला. लग्नानंतर सासऱ्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिलीच वस्तू. विरेश हरखून गेला. त्यानं पट्टी भट्टीत तापवली आणि पाण्यात बुडवली. असं केलं की हा धातू काही काळ मऊ राहतो आणि मग नुसता ठेवला तरी आपोआप कडक होत जातो. थंडीत मात्र हे लांबतं. म्हणून ती पट्टी मटारांच्या शेजारी आली होती.

रविवारी माणिकप्पा आणि सासूबाई लक्ष्मम्मा आले. विरेशनं पट्टी आधी लाटण्यावर वाकवली, मग सासऱ्यांच्या मनगटाभोवती वळवून टोकावर टोक आणलं.

"अजून घट्ट करा, जावईबापू. ढिलं असलं की गुण येत न्हाय."

"मामा, हे आत्ता मऊ आहे. पण यात तांबं असतं ना, त्यामुळं ते हळूहळू..."

"व्हय की! तांबं हळूहळूच उतरतं अंगात."

"तसं नाही. जाण्याआधी काढून द्या, मी टोकं नीट करून देतो."

माणिकप्पांनी मान हलवली आणि दुपारच्या एसटीनं कड्यासकट नळदुर्ग गाठलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "जावईबापू, कडं निघंना."

"जरा जोरात ओढून बघा, मामा."

"दोन गडी वढायलेत. कडं वाकंना, आमीच वाकायलोय."

साबण झाला, खोबरेल झालं. सोनारानं कडं निरखून पाहिलं आणि म्हणाला, "सोनं-चांदी असती तर बघितलं असतं. ह्येला मी हात लावनार न्हाय." शेजारचा वेल्डर आनंदानं धावत आला. "तापवलं की मऊ पडतंय बगा, अप्पा."

"कोन? कडं का मी?" माणिकप्पांनी हात पाठीमागं लपवला.

तशात बानूबाई इरकल साडी घ्यायला आली. पदर उलगडून दाखवताना कड्याचं टोक सुतात अडकलं. अप्पा हात सोडवायला गेले तसा धागा सरसर निघत गेला.

"अप्पा, मला साडी पायजे. सूत नगं," बानूबाई म्हणाली आणि उठून गेली, पण जाताना रस्ताभर सांगत गेली. तासाभरात दुकानात माणसांची रीघ लागली. साडी कुणालाच नको होती, हात सगळ्यांना बघायचा होता. कुणी लिंबू आणलं, कुणी औषधाची बाटली. माणिकप्पा गादीवर बसून एकेकाला पहिल्यापासून हकिकत सांगत होते. लक्ष्मम्मा आतून चहा पाठवत होत्या.

घामानं कड्याखाली काळा पट्टा उमटला, तेव्हा तर अप्पांना जोरच चढला. "बगा, वात भाईर पडायलाय!"

"वात न्हाय, गंज हाय त्यो," लक्ष्मम्मा म्हणाल्या. त्यांचंच खरं होतं. तांब्यामुळं हा धातू जितका बळकट होतो, तितकाच लवकर घामानं खराब होतो. विरेशला हे माहीत होतं.

शेवटी रजा काढून, करवत आणि कानस घेऊन तो नळदुर्गला पोचला. शिवरंजनीही बरोबर होती. तिनं कड्याखाली स्टीलची पट्टी सरकवली. करवत किंचाळायला लागली.

"हलू नका, मामा."

"हलायला जागा कुठं हाय? पन काय हो, लई चिवट हाय ह्ये. कशाला वापरतेत?"

"विमानाच्या पंखांना."

माणिकप्पांनी डोळे विस्फारले. "म्हंजे आमच्या हातात इमान घातलंव व्हय?"

एकावर एक आलेल्या टोकांचा तुकडा कापून खाली पडला आणि हात मोकळा झाला. आता बोलणी खायची, म्हणून विरेश मान खाली घालून कडा कानशीनं घासत बसला. माणिकप्पांनी कडं त्याच्या हातातून घेतलं, फटीतून मनगट आडवं सरकवलं, कडं बसलं. काढलं, निघालं. पुन्हा घातलं.

"आता कसं झ्याक झालं! ही फट आधीच ठिवायची की, जावईबापू. इमानं करताव अन् एवढं सुचलं न्हाय?" असं म्हणून ते कडं मिरवत दुकानात गेले.

विरेश करवत पिशवीत ठेवत होता, तोच लक्ष्मम्मा समोर येऊन बसल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

"माझंबी माप घ्या."

"तुमचाही हात दुखतो, मामी?"

"न्हाय बा." त्यांनी दुकानाकडं एकदा बघून घेतलं. "ह्यांच्या हाताला सगळं गाव बगून गेलं. मी सगळ्यांना च्या केला, मला कुनी एका शब्दानं इचारलं न्हाय." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "पन माझ्या कड्याला फट ठिवू नका."