निसटण्याची शक्यता: शून्य टक्के

महिन्याच्या तीन तारखेला चावीवाल्यांचं मोबाइलचं बिल चौथाईने वाढलं, आणि ते त्यांच्या निष्ठेमुळेच वाढलं आहे, असं कंपनीने त्यांना अत्यंत आदराने कळवलं. 'प्रिय ग्राहक, आपण गेली एकोणीस वर्षं आमच्यासोबत आहात. आपल्या या निष्ठेची दखल घेऊन आपल्या योजनेच्या दरात सुधारणा करण्यात आली आहे.' चावीवाल्यांनी दुकानाच्या काउंटरवर चष्मा लावून हा संदेश दोनदा वाचला. चांगलं चालणारं कुलूप बिघडवून वर मजुरी घेणारे दोघे-तिघे त्यांच्या धंद्यातही होते, पण त्याला सुधारणा म्हणण्याइतकी हिंमत त्यांच्यातल्या एकालाही झाली नव्हती.

बायको मागच्या खोलीत शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. यंत्र न थांबवता तिने सुचवलं, की एवढं पोटात दुखत असेल तर कंपनी बदलून मोकळं व्हावं. पण खरी मेख तिथेच होती. गेली एकोणीस वर्षं चावीवाले ज्या ज्या घराचं अडलेलं कुलूप उघडत, त्या दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची एक पत्र्याची पट्टी दोन स्क्रूंनी बसवून येत. पट्टीवर 'कुलूप अडलं?' एवढंच आणि खाली त्यांचा नंबर. अशा तेवीसशे पट्ट्या गावात होत्या. दाराबाहेर अडकलेला माणूस पट्टीकडे बघून फोन लावी आणि चावीवाले पिशवी घेऊन निघत. त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नंबर हेच त्यांचं नाव, तोच पत्ता आणि तेच पोट.

आता नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय नियमात होती. फक्त ग्राहकाचा जुन्या कंपनीशी कुठलाही वाद प्रलंबित नसावा, अशी साधीशी अट होती. वाद नसलेला माणूस कंपनी कशाला बदलेल, या प्रश्नाचा नियमात उल्लेख नव्हता.

"भांडा खुशाल," बायको म्हणाली, "पण नंबर हातचा घालवू नका. तो गेला तर माझ्या पँटींवर दोघांचं भागायचं नाही."

चावीवाल्यांनी तक्रारीचा फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर पलीकडून एका तरुणाने अतिशय गोड आवाजात खुलासा केला. करारातल्या कलम सतरानुसार दरवाढीनंतर ग्राहकाने सेवा वापरली, तर त्याला वाढ मान्य आहे असं धरण्यात येतं. आणि सर या क्षणी सेवा वापरत होते. चावीवाल्यांनी तापल्या तव्यावरून हात उचलावा तसा फोन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ते फोन घरी ठेवून पायीच कंपनीच्या कार्यालयात गेले. दारावरच्या रखवालदाराने त्यांना टोकन क्रमांक विचारला. टोकन फोनवर येत असे. रखवालदार माणूस भला होता. त्याने आपल्याही बिलाचं रडगाणं थोडक्यात गायलं आणि त्यांना फोन आणायला परत घरी पाठवलं.

तिसऱ्या खेपेला ते एकदाचे काउंटरपर्यंत पोचले. समोर सुनेच्या वयाची एक मुलगी बसली होती. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'ग्राहक-आनंद अधिकारी' असं लिहिलं होतं. तिने पडद्यावर चावीवाल्यांची एकोणीस वर्षं खालपासून वरपर्यंत वाचली. तिचा चेहरा खरोखरच हळवा झाला.

"काका, तुम्ही किती जुने आहात," ती म्हणाली. "म्हणून तर वाढलंय."

"जुन्याला स्वस्त द्यायचं की महाग?"

"नवीन माणूस जाऊ शकतो ना, त्याला स्वस्त द्यावं लागतं. तुम्ही कुठे जाणार?"

"मीही जाईन," चावीवाले म्हणाले.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि सहानुभूतीने मान हलवली. "नाही जाणार काका. इथे दिसतंय. निसटण्याची शक्यता, शून्य टक्के. एकोणीस वर्षांत तुम्ही घंटीसुद्धा बदललेली नाही."

चावीवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या सरळपणाची लाज वाटली. ते उठले, तेव्हा त्या मुलीने इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला आणि एक उपाय सांगितला. फोन कुठे कुठे फिरतो हे यंत्रणेला कळतं. रस्त्यापलीकडे दुसऱ्या कंपनीचं कार्यालय आहे. तिथे रोज अर्धा तास फोन चालू ठेवून नुसतं उभं राहायचं. यंत्रणेला वाटतं, माणूस डळमळतोय. शक्यता नऊ टक्क्यांच्या वर गेली, की निष्ठेची वाढ आपोआप रद्द होते. हे तिने सांगितलं असं मात्र कुठे बोलायचं नाही, कारण तिचीही नोकरी होती.

असे चावीवाले वयाच्या एकसष्टाव्या वर्षी बेइमानी शिकायला रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. सुरुवातीला त्यांना चोरट्यासारखं वाटत होतं, पण पाचच मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं, की तिथे बरीच प्रतिष्ठित मंडळी उभी आहेत. दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, औषधवाले होते, शाळेचे निवृत्त हेडमास्तर तर दोन महिन्यांपासून येत होते आणि सवयीने सगळ्यांची हजेरी घेत होते. सारे त्यांच्याच कंपनीचे, आणि सारे निष्ठेपायी मार खाल्लेले. समोरच्या फुटपाथवर, म्हणजे चावीवाल्यांच्या कंपनीच्या दारात, तशीच दुसरी रांग होती. ती या दुसऱ्या कंपनीची इमानदार मंडळी. सकाळी दहा ते साडेदहा दोन्ही रांगा एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहत आणि परक्याच्या दारात डळमळत. पुढे पुढे ओळखी वाढल्या. लोक घडीच्या खुर्च्या आणू लागले. ज्यांना वेळ नव्हता त्यांच्यासाठी एका निवृत्त पोस्टमनने अल्प मोबदल्यात डळमळण्याची सोय केली. तो पिशवीत अकरा मोबाइल घेऊन उभा राही आणि अकरा जणांची बेइमानी एकट्याने, चोख पार पाडी.

चावीवाल्यांचा सकाळचा धंदा बुडत होता. अर्धा तास उभं राहायचं, तर कुलूप अडलेल्यांना तेवढा वेळ पायरीवर बसवावं लागे. पण महिनाभराने त्यांची शक्यता अकरा टक्क्यांवर पोचली, निष्ठेची वाढ रद्द झाली आणि बायकोनेही त्यांच्याकडे जरा आदराने पाहिलं. हा आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी कंपनीचा संदेश आला, की काही ग्राहकांची शक्यता दहा टक्क्यांहून अधिक आढळल्याने त्यांच्या जाण्याचा धोका कंपनीला सोसावा लागतो. सबब अशा ग्राहकांना अस्थिरता शुल्क लागू करण्यात येत आहे. ते निष्ठेच्या वाढीच्या बरोबर दुप्पट होतं.

हेडमास्तरांनी रांगेत उभ्याउभ्याच गणित मांडलं. नऊच्या खाली निष्ठा, दहाच्या वर अस्थिरता. म्हणजे प्रत्येकाने नऊ आणि दहाच्या मधे राहायचं. त्यासाठी सोमवारी आणि गुरुवारी अकरा मिनिटं डळमळायचं, शुक्रवारी आपल्या कंपनीच्या दारात जाऊन सहा मिनिटं पस्तावायचं. त्यांनी वेळापत्रकाच्या प्रती काढून वाटल्या. पोस्टमनने पस्ताव्याचा दर वेगळा लावला. चावीवाल्यांनी वेळापत्रक खिशात घातलं, आणि त्यांचं डोकंच फिरलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्यांची अवस्था झाली होती. त्यांनी सरळ लेखी सुनावणी मागितली.

सुनावणी तिसऱ्या मजल्यावर झाली. निवारण अधिकाऱ्यांचं टेबल इतकं स्वच्छ होतं, की त्यावर कधी कशाचं निवारण झालं असेल असं वाटत नव्हतं. साहेबांनी चावीवाल्यांना पाणी विचारलं, खुर्ची दिली आणि सगळं म्हणणं मधे न तोडता ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "तुमचा राग मी समजू शकतो. पण दरवाढ आम्ही केलेलीच नाही. ग्राहकांनी केली."

"कुठल्या ग्राहकांनी?"

साहेबांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. वाढीच्या आधी प्रत्येक ग्राहकाला एक संदेश गेला होता: 'दरवाढीचा प्रस्ताव आहे. हरकत असल्यास तीन दिवसांत "हरकत" असे उत्तर पाठवावे. हा संदेश बंद केल्यास आपली संमती गृहीत धरण्यात येईल.' त्यावर संपूर्ण गावातून फक्त एकाची हरकत आली होती. नंतर त्या गृहस्थांनीही, बोट चुकून लागलं, असं कळवून माफी मागितली होती.

"मला असला संदेश आलाच नाही," चावीवाले म्हणाले.

"वाढीच्या आधीच्या महिन्यातली सात तारीख, दुपारी दोन वाजून चौदा मिनिटं," साहेबांनी वाचून दाखवलं. "संदेश आठ दशांश सेकंद पडद्यावर होता. मग तुम्ही फुली दाबलीत."

चावीवाल्यांना ती दुपार आठवली. चौथ्या मजल्यावरच्या एका दारापुढे ते गुडघ्यांवर बसले होते, आत गॅसवर दूध होतं आणि मागे उभी असलेली बाई दर अर्ध्या मिनिटाला ते दूध उतू गेल्याची बातमी देत होती. खिशात काहीतरी थरथरलं होतं आणि अंगठा आपलं काम करून परत आला होता. डोक्याला त्याने काही विचारलं नव्हतं.

"आठ दशांश सेकंदात माणूस वाचणार कसा?"

"बहुतेकजण तीन दशांशात उरकतात," साहेब म्हणाले. "त्या मानानं तुम्ही फारच अभ्यासू ग्राहक आहात."

मात्र साहेब अगदीच दगड नव्हते. निरोप देताना त्यांनी कलम एकतीस दाखवलं. कुठल्याही प्रस्तावाला मुदतीत शंभर हरकती आल्या, तर तो बारगळतो. आजवर कधी आल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण नियम आहे, आणि कंपनी नियमाबाहेर कधीही गेलेली नाही.

चावीवाले जिना उतरले ते एखाद्या विशीतल्या पोरासारखे. शंभर हरकती. समोरच्या रांगेत एकशे चाळीस माणसं होती, पोस्टमनची पिशवी धरून. एवढे दिवस आपण सगळे परक्याच्या दारात उभे राहिलो, आणि करायचं होतं ते फक्त वाचायचं, एवढी साधी गोष्ट होती. ते हेडमास्तरांच्या खुर्चीवर चढले आणि आयुष्यातलं पहिलं भाषण करू लागले. आपल्याला कुणी लुटलेलं नाही, आपणच दार उघडून दिलं आहे, असं त्यांनी सांगितलं. फुलीची हकीकत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी तर कपाळालाच हात लावला. समोरच्या फुटपाथवरची मंडळीही ऐकायला रस्ता ओलांडून आली.

"म्हणून आजपासून एकच पथ्य," चावीवाले म्हणाले. "संदेश आला, की आधी वाचायचा. मग बोट लावायचं. शंभर जणांनी एवढं जरी पाळलं ना, तरी..."

तेवढ्यात एकशे चाळीस फोन एकदम थरथरले. माना डोलत होत्या, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं, कुणाचीही नजर चावीवाल्यांवरून ढळली नाही. फक्त एकशे एकोणतीस अंगठे हलले. उरलेले अकरा फोन पोस्टमनने कर्तव्यबुद्धीने पिशवीतून एकेक काढले, एकेक फुली दाबली आणि परत ठेवले. चावीवाल्यांनी बोलता बोलता स्वतःचा फोन खिशातून काढला, अंगठा फिरवला, फोन आत टाकला आणि वाक्य पुरं केलं, "...तरी कंपनीची हिंमत होणार नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या संदेशात असं लिहिलं होतं, की पंधरा वर्षांहून जुने नंबर ही दुर्मीळ साधनसंपत्ती असल्याने ते ग्राहकांकडून परत घेऊन अधिक किंमत देणाऱ्याला देण्याचा प्रस्ताव आहे. हरकत असल्यास तीन दिवसांत कळवावे.

चौथ्या दिवशी सकाळी एक बाई भाजी घेऊन आली आणि आपल्याच दाराबाहेर अडकली. चौकटीवरची पट्टी बघून तिने फोन लावला. तो घरगुती मत्स्यालयं विकणाऱ्या एका दुकानदाराने उचलला. त्याने अगत्याने विचारलं, की किती माशांसाठी हवं आहे. त्या दिवशी गावात असे नऊ फोन गेले. चावीवाले पिशवी भरून दुकानात बसले होते, आणि मागच्या खोलीतलं शिवणयंत्र चालू होतं.

"अहो, आज एकही फोन नाही?" बायकोने विचारलं.

"लोक सावध झाले वाटतं," चावीवाले समाधानाने म्हणाले. "मी बोललो ना परवा."

त्यांना खरी गोष्ट संध्याकाळी कळली. नंतर त्यांनी काय केलं, तेवीसशे चौकटींवरचे सेहेचाळीसशे स्क्रू एकट्याने काढायला किती महिने लागले, ते सांगत बसण्यात अर्थ नाही. तुम्हाला त्यांचं हसू आलं असेल, तर ते साहजिक आहे. फक्त एक आठवण करून द्यायची राहिली. ही गोष्ट वाचताना मधे एकदा तुमचाही फोन थरथरला, आणि तुम्ही ओळीवरची नजर न काढता अंगठ्याने तो संदेश बाजूला सारलात. त्यात काय होतं ते तुम्हाला सांगता येणार नाही. किती दशांश सेकंद लागले, ते मात्र तिकडे नोंदवलेलं आहे.