गाडीला बसवलेलं नवं नाक

“उद्या आई चढ चढणार म्हणजे चढणार! गाडीचा दम वाढवायचं माझ्याकडे लागलं,” असं भिंगरीने जेवताना जाहीर केलं, तेव्हा बाबा हसले. तोंडाने नाही, नाकाने. आईची गाडी बंद पडली की ते असेच हसायचे, आणि त्या हसण्याने भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आई लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा चढावर. चढाच्या मध्यावर थांबायचं, पुन्हा निघायचं आणि वरच्या पांढऱ्या पट्टीवर उभं राहायचं, एवढंच काम. आईची गाडी मध्यावर थांबायची, ती थांबूनच राहायची. मग बाबा तिला रोज दातांच्या दवाखान्यात कामाला सोडताना रस्ताभर क्लचवर प्रवचन द्यायचे. “गाडी उत्तम आहे गं. ती चालवणाऱ्याला ओळखते,” हा त्याचा समारोप. शेवटी आईने ताट आपटलं. त्यावर बाबांनी ऐटीत सांगून टाकलं होतं की तू पास झालीस तर गाडी तुझी, मी बसने जाईन. बसचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचे पाय दुखायचे, यावरून त्यांना आईच्या नापास होण्याची किती खात्री होती ते समजावं.

भिंगरी तणतणतच तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरली आणि तिने बॉनेट उघडलं. इंजिनाला हवा पोचवणारा पाइप तिला दिसला मात्र, तिचा राग दुप्पट झाला. लांबलचक, वळणं घेत आलेला, मनगटाएवढा बारीक. एवढ्याशा नळीतून श्वास घ्यायचा आणि वर चढ चढायचा? नाक चोंदलेल्या माणसाला डोंगरावर पळवण्यातला प्रकार! जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, हे तिला शाळेत शिकवलं होतं. तेव्हा पाइप हवा आखूड आणि रुंद.

तसा पाइप अख्ख्या घरात एकच होता. स्वयंपाकघरातल्या चिमणीमागचा, चकचकीत, मांडीएवढा जाड. कपाटाआड असल्याने त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. भिंगरीने त्याचा वीतभर तुकडा कापला. तो इंजिनाला जोडायला कडं लागत होतं, म्हणून गाडीचा जुना पाइपही कापला. उरलेल्या फटींवर चिकटपट्टी गुंडाळली. गाडी चालू करून तिने ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा इंजिनाने अशी डरकाळी फोडली की भिंगरीला स्वतःचाच अभिमान वाटला.

सकाळी मैदानावर परीक्षक आईच्या शेजारी बसले. बारीक चणीचा, सगळ्यांवर आधीच वैतागलेला माणूस. बाबा आणि भिंगरी दोरीपलीकडे उभे राहिले.

आई मध्यावर थांबली, निघाली, आणि गाडी बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. नेहमीपेक्षाही लवकर.

असं कसं होईल? मग तिला शाळेची घंटा आठवली. ती झाली आणि अरुंद बोळातून मुलं आत निघाली की मागचे पुढच्यांना ढकलतात आणि सगळा घोळका धाडकन वर्गात कोंबला जातो. तीच मुलं मैदानावरून आली की रमतगमत येतात. लांब, बारीक पाइपात हवेचं तसंच होत असणार! सावकाश फिरणाऱ्या इंजिनाला ती ढकलाढकलीच चढवत होती, आणि भिंगरीने हवेला मैदान मोकळं करून दिलं होतं. आता इंजिन भन्नाट वेगाने फिरलं, तरच काही आशा. पण आई गाडी अशी चालवायची, जणू मागच्या सीटवर बाळ झोपलंय.

तेवढ्यात परीक्षकांनी काच खाली केली आणि हवा हुंगली. इथे कोण तळतंय, असं त्यांनी चिडून विचारलं. बाबांनीही हुंगलं.

“हा तर आपल्या घरचा वास आहे,” ते पुटपुटले.

वर्षानुवर्षांचं तेल होतं त्या पाइपात. इंजिनाच्या उबेने ते आता जागं झालं होतं. भिंगरी आभाळाकडे बघू लागली.

परीक्षकांनी हात झटकला. राहू द्या बाई, पुढच्या वेळी या, असं ते म्हणत होते आणि नेमक्या त्याच वेळी बाबांना राहवलं नाही.

“क्लच!” ते दोरीपलीकडून ओरडले. “अगं, क्लच!”

आईने मान वळवली. त्या नजरेने बाबा एक पाऊल मागे सरकले. मग तिने ॲक्सिलरेटर असा दाबला, जणू खाली बाबांचंच बोट होतं. इंजिन किंचाळलं, नवं नाक फुरफुरलं, आणि गाडी उधळल्यासारखी वर गेली. वर आईने रागारागात हँडब्रेक ओढला. गाडी बरोब्बर पट्टीवर उभी.

परीक्षक उतरले ते आधाराने.

“पास,” ते म्हणाले. “पण बाई, रोज एवढ्या रागाने चालवणार का?”

“हे घरात आहेत तोवर, हो,” आई म्हणाली.

आनंद बॉनेट उघडेपर्यंत टिकला. भिंगरीने सगळं कबूल केलं, घंटेच्या उदाहरणासकट. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे जुना पाइप असता, तर मी पहिल्याच दमात चढले असते?”

“शक्यता आहे,” भिंगरी म्हणाली, आणि जुना पाइप कापल्याचंही सांगून टाकलं.

इतक्या जुन्या गाडीचा पाइप कुठल्याच दुकानात मिळेना. त्यामुळे तळघरातून रस्त्यावर येणारा उतार, जो सकाळी चढ असतो, आई चिडल्याशिवाय गाडी चढेना. सुरुवातीला बाबा चढाच्या तोंडाशी उभे राहून “क्लच!” ओरडायचे आणि मग बस पकडायला पळायचे. पण ते बसमध्ये उभे असल्याचं चित्र डोळ्यांपुढे येऊन आईला हल्ली हसूच फुटतं, आणि गाडी बंद पडते.

म्हणून आता मागच्या सीटवर दप्तर घेऊन भिंगरी बसते. चढ आला की तिला हळूच एवढंच विचारावं लागतं, “आई, स्वयंपाकघरात अजून धूर कोंडतो का गं?”

गाडी रॉकेटसारखी वर जाते.