अनिर्णित यांची लाट

आयोवा राज्यातल्या एल्क प्रेअरी गावात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार शाळेच्या जिममध्ये, उभ्या-उभ्या निवडतात. ज्याला जो पसंत, त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं; मग डोकी मोजायची. ज्याचं ठरलेलं नाही, त्याच्यासाठी बास्केटबॉलच्या जाळीखाली ‘अनिर्णित’ नावाचा कोपरा असतो.

मोजणी दोनदा होते. पहिल्या मोजणीला सगळं गाव जाळीखालीच उभं. कारण तडक आपल्या कोपऱ्यात जाणं म्हणजे बाकीच्या कोपऱ्यांतल्या शेजारणींनी भाजून आणलेल्या वड्यांचा अपमान. आधी सगळ्यांच्या वड्या खायच्या, भरपूर आग्रह करून घ्यायचा आणि मग दुसऱ्या मोजणीला, जिथं जायचं होतं तिथंच जायचं. ही रीत देवघरातल्या सोवळ्याइतकी कडक.

शाळेची बस चालवून निवृत्त झालेला ऑर्लिन हाल्वरसन तेवढा दुसऱ्या मोजणीलाही खरोखरच अनिर्णित असायचा. यंदा मात्र त्याचं ठरलं होतं. गव्हर्नर लिडिया ब्रँट प्रचाराला त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या. बायको गेल्यापासून “जेवलात का?” असं विचारणारं हे पहिलंच माणूस, आणि विचारून उत्तरासाठी थांबणारा राजकारणी तर त्याने जन्मात पाहिला नव्हता.

“आज मी लिडियाबाईंचं नाव घेणार,” तो तोंडातली वडी सांभाळत म्हणाला.

“घे की! पण आधी माझी रुबार्बच्या आंबट देठांची वडी संपव,” सभेची अध्यक्षा मर्ना व्हॅलेश म्हणाली. “त्यांच्या कोपऱ्यातल्या कोरड्या असतात.”

पहिली मोजणी झाली. सगळे जाळीखाली. लोक हात पुसून आपापल्या कोपऱ्याकडे वळणार, तोच पक्षाच्या नामांकन सुधारणा समितीचे निरीक्षक डनलेव्ही यांनी शिट्टी फुंकली.

“कृपया कुणी हलू नये! सुधारित नियमानुसार दुसरी मोजणी रद्द. मतदार मोजणीच्या वेळी ज्या कोपऱ्यात असेल, त्या कोपऱ्याशी त्याने शेवटपर्यंत एकनिष्ठ राहावे.”

“अहो, पण आम्ही खायला उभे होतो!” ऑर्लिन ओरडला.

“उभं राहण्याचा हेतू समितीच्या कार्यकक्षेत येत नाही.”

मर्नाने कपाळावर हात मारला. “ऑर्लिन, तरी तुला म्हटलं होतं, पटापट खा!”

राज्यभर गावोगावी हेच झालं होतं. त्या संध्याकाळी वाहिन्यांनी जाहीर केलं : आयोवात अनिर्णित यांचा दणदणीत विजय. आणि देशात सगळ्यांत आधी निवड होते ती आयोवातच. पहिलं मेंढरू ज्या खड्ड्यात पडतं, त्यातच बाकीची उडी घेतात. वाहिन्यांच्या भाषेत याला लाट म्हणतात. राज्यामागून राज्यं अनिर्णित यांच्या बाजूने गेली. वादविवादात त्यांच्या रिकाम्या खुर्चीने बाजी मारली; तिने कुणालाच मध्ये तोडलं नव्हतं. उपाध्यक्ष कोण, असं विचारल्यावर प्रवक्ते म्हणाले, “ते अजून ठरलेलं नाही.” या वैचारिक सातत्याचं देशभर कौतुक झालं.

ऑर्लिन अनिर्णित यांचा प्रतिनिधी म्हणून पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला गेला. तिथं त्याला शपथ दिली गेली : “मी काहीही ठरवणार नाही.” सकाळच्या नाश्त्याला चहा की कॉफी असं विचारलं, तेव्हा त्याच्या मागे उभ्या असलेल्या शिस्तपालकाने खाकरून दाखवलं.

अधिवेशन म्हणजे खरं तर उत्तररंग. पण इथं पूर्वरंगच असा रंगला होता की, उत्तररंगाला नुसतं आरतीपुरतं उभं राहायचं होतं. आयोवाचं नाव पुकारलं गेलं. ऑर्लिनने ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी धरला.

“माझं ठरलंय! लिडिया ब्रँट!”

सभागृहात माना वळल्या. मग कुजबुज. एक बाई घाबरून म्हणाली, “अगंबाई, यांचं तर ठरलंय!”

डनलेव्ही धावत आले. “मिस्टर हाल्वरसन, आपण निर्णय घेतलात. हा पक्षद्रोह आहे.”

“उमेदवार निवडायलाच बोलावलंत ना मला?”

“निवडायला नव्हे. निवड झाली, तिला दुजोरा द्यायला.”

ऑर्लिनला हळुवारपणे बाहेर नेण्यात आलं. इतिवृत्तात नोंद झाली : ‘एक प्रतिनिधी अस्वस्थ, उपचार सुरू.’ त्याच्या जागी एक गृहस्थ घेतले गेले. त्यांना नाव विचारलं तर तेही त्यांना पटकन सांगता आलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि अनिर्णित यांना उमेदवारी मिळाली.

एल्क प्रेअरीला परतलेला ऑर्लिन आजही भेटेल त्याला सांगतो, “नाव तरी घेतलं मी. एकदा, मोठ्याने.”

तुम्ही म्हणाल, असले चक्रम लोक तिकडेच असायचे. खरंच आहे. आपल्याकडे एवढा खटाटोप लागतच नाही. आपला उमेदवार कोण, हे आपल्याला सकाळी पेपरात कळतं, आणि चहाचा घोट घेत आपण म्हणतो, “मला वाटलंच होतं!”