अपेक्षित उत्तर : कपडे

उद्दिष्ट

“आदर्श पाठ आपलाच! लिहून ठेव बे!” अमरसिंग राठोडनं चहाच्या टपरीवर जाहीर केलं आणि दचकून इमरानचा चहा बशीत सांडला.

यवतमाळच्या त्यांच्या बी.एड. कॉलेजात दरवर्षी एकालाच हा मान मिळायचा : सगळ्या कॉलेजसमोर आदर्श पाठ घ्यायचा. अमरसिंगला तो हवा होता. त्याहून जास्त, तो त्याच्याच वर्गातल्या अपेक्षाला मिळायला नको होता! तिच्या प्रत्येक पाठाला देवतळे मॅडमचा शेरा ‘उत्कृष्ट!’ याच्या पाठाला ‘बरा. आवाज कमी करा.’ तिनं नुसता खडू उचलला तरी याच्या पोटात तिखटाची पुडी फुटायची. पाठाचं टाचण लिहायला बसावं, तर प्रश्नापुढचा रकाना कोणता? ‘अपेक्षित उत्तर’! तिथंही तीच!

“तिनं इचारलं का पोरं पटापट बोलतात. काहून?”

“चांगलं शिकवते म्हणून,” इमरान म्हणाला.

“हट्! पढवते थे पोरायले! आता मीबी पढवतो.”

पूर्वतयारी

त्याचा पाठ होता ‘जमिनीचे प्रकार’. वर्ग सरावासाठी दिलेल्या शाळेतला, सातवीचा. मधल्या सुट्टीत त्यानं चॉकलेटं वाटली आणि तीन उत्तरं घोटून घेतली. अंगात काय घालतो? कपडे. ते कशापासून बनतात? कापूस. कापूस कुठे पिकतो? काळ्या जमिनीत. की लगेच गंभीर चेहऱ्यानं, “तर मुलांनो, आज आपण...”

“प्रश्न विसरले तरी चालन. उत्तरं लायनीत आले पायजे!”

पोरं प्रश्न तिथल्या तिथे विसरली.

घंटा झाली. मागच्या बाकावर बसत देवतळे मॅडम म्हणाल्या, “अमरसिंग, तुम्ही नंतर. तुमचा आवाज आधी ऐकला की मुलांचे कान बसतात. अपेक्षा, तू घे.”

अमरसिंगचा चेहरा ओल्या कापसाच्या गाठोड्यासारखा झाला.

प्रस्तावना (तिची)

अपेक्षाचा पाठ ‘पचनसंस्था’.

“सांगा बरं, सकाळी काय खाऊन आलात?”

“कपडे!” अख्खा वर्ग.

अपेक्षाचा खडू हवेतच थांबला. “...बरं. मग आता पोटात काय आहे?”

“कापूस!”

“आणि शेवटी ते जातं कुठे?”

“काळ्या जमिनीत!”

हे उत्तर तसं अगदीच चूक नव्हतं.

अमरसिंगच्या जिवाला काय गारवा! संपली बाई! गेला हिचा आदर्श पाठ!

पण अपेक्षा खळखळून हसली. “वा! मग आज बघूच, पोळी खाल्ली तर पोट काय करतं आणि कपडे खाल्ले तर काय करतं!” वर्ग उसळला. एकानं तर शर्टाची बाही चावून पाहिली. मॅडम पदरानं डोळे पुसत होत्या. हसून!

प्रस्तावना (त्याची)

“मुलांनो, आपण अंगात काय घालतो?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

“अंगात! काय! घालतो!”

पहिल्या बाकावरची सुरभी उभी राहिली. “सर, थे तिन्ही उत्तरं तं मघाशीच मॅडमले देऊन टाकले. आता दुसरे पाठ करून द्या. चॉकलेट असन तं थेबी.”

मागच्या बाकावरचं हसू बंद पडलं.

मूल्यमापन

“मुलांना पढवता तुम्ही?” देवतळे मॅडम.

“मॅडम, ही अपेक्षाबी पढवते...”

“मी?” अपेक्षा म्हणाली. “मला काय माहीत भाऊ, पोरं कपडे खातात म्हणून!”

आदर्श पाठ अर्थातच तिला मिळाला. “प्रस्तावना मात्र आजचीच हवी, हुबेहूब!” मॅडमनी बजावलं. “आणि अमरसिंग, ती उत्तरं पुन्हा घोटून घेणं तुमच्याकडे.”

दुसऱ्या दिवशी अपेक्षानं नवं टाचण लिहून फळ्याशेजारी लावलं. इमरान ते वाचून धावत आला.

“अबे, नाव आलं तुझं आदर्श पाठात!”

“कुठी? कुठी?” अमरसिंग गर्दीत घुसलाच.

अगदी वर, ठळक अक्षरात होतं :

शैक्षणिक साहित्य – तक्ता, खडू, डस्टर, अमरसिंग.