विमान कितीले पडते?

विमान जमिनीला टेकलं की सगळे लोक उभे राहतात. दार उघडायला अजून वेळ असतो, तरी डोक्यावरच्या कप्प्यातली बॅग काढून, मान वाकडी करून उभे राहतात. आमचे डांगरेभाऊ तेवढे पट्टा बांधून बसून असतात. शेवटचा प्रवासी उतरला की ते शर्ट नीट खोचतात, केसांवरून हात फिरवतात आणि दाराबाहेर न पडता पुढे वैमानिकाच्या केबिनकडे वळतात. आत डोकावून नमस्कार करतात आणि विचारतात, "साहब, ये हवाई जहाज कितने का पड़ता है?"

ईरा, नील, तुम्ही फोनवर विचारलं होतं की शेजारचे आजोबा तुमच्या बाबांना कॅनडातल्या गॅरेजच्या दाराची किंमत का विचारत होते. फोनवर तुमच्या आजीला ते नीट सांगता आलं नाही. लिहून तरी सांगता येतं का पाहते. वाचताना अडलात तर बाबांकडून वाचून घ्या.

डांगरेभाऊ जबलपूरला चेरीतालच्या आमच्या गल्लीत दोन घरं सोडून राहतात. मूळचे अमरावतीकडचे. सगळी नोकरी इथल्याच एका सरकारी कारखान्यात, खरेदीच्या टेबलावर झाली. तिथला नियम असा, की सुई घ्यायची असो की क्रेन, तीन ठिकाणांहून भाव मागवायचे, तिन्ही कागद शेजारी ठेवायचे आणि मग सही करायची. डांगरेभाऊ निवृत्त झाले, पण तो नियम झाला नाही. ते कोथिंबीरसुद्धा तिसऱ्या हातगाडीवर घेतात. तिसरी गाडी येईपर्यंत पहिल्या दोन्ही निघून जातात, हा भाग वेगळा.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच. "कितीले पडते जी?" आमच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा त्यांनी हा प्रश्न विचारला, त्यात काही विशेष नाही. पण मला एमआरआयसाठी नेलं होतं तेव्हा मी यंत्रात अर्धी आत गेलेली असताना त्यांनी तिथल्या माणसाला यंत्राची किंमत विचारली. तो माणूसही विचारात पडला. गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी घोडीवाल्याला घोडी कितीला पडली ते विचारलं होतं. घोडीवाला म्हणाला, "बाबूजी, घर की है." त्यावर भाऊ दोन दिवस अस्वस्थ होते. घरची म्हणजे काय भाव, हे त्यांच्या कोणत्याच कागदात बसत नव्हतं.

त्यांची मुलगी हैदराबादला असते. तीन-चार महिन्यांनी तिला भेटायला ते विमानानं जायला लागले आणि त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच अशी वस्तू आली जिचा भाव कोणालाच ठाऊक नव्हता.

प्रत्येक खेपेला नवा वैमानिक आणि नवं उत्तर. एकानं आकडा सांगितला. भाऊंनी तो बोर्डिंग पासच्या मागं लिहून आणला आणि मला दाखवला. मी शून्यं दोनदा मोजली, दोन्ही वेळा वेगळी आली. दुसरा म्हणाला, छापील किमतीला विमान कोणीच घेत नाही, खरा भाव बंद खोलीत ठरतो. तिसरा म्हणाला, त्यात इंजिन धरलेलं नाही, इंजिनाचं वेगळं बोलावं लागतं.

"म्हणजे ताई, इंजिनाबिगर विमान विकून राहिले हे लोक," भाऊ मला म्हणाले. "मंग ते दुकानातून आणायचं कसं?"

मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं. विमान दुकानातून कसं आणतात ते मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कंपनीलाच लिहून विचारा."

ही माझी चूक. त्यांनी खरंच मसुदा केला आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडे आणला. "एक नग प्रवासी विमान, जबलपूर पोच, कमीत कमी दर कळवावा," असा त्याचा अर्थ होता. खाली वॉरंटी किती, असंही होतं. मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले. अशी मोठी विमानं बनवणाऱ्या जगात ठळक कंपन्या दोनच. दोन्हीकडे ईमेल गेली. एकीकडून काहीच आलं नाही. दुसरीकडून आभार आले आणि ढगांवरून उडणाऱ्या विमानाचा सुंदर फोटो आला. भाऊंना फोटोत रस नव्हता. त्यांची अडचण वेगळीच होती.

"दोनच बनवणारे हाएत. तिसरं कोटेशन आणू कुठून?"

त्यांची बायको सुमन दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "पहिल्या दोघांनी तुमाले दिलं वाटते."

सुमन कधी विमानात बसलेली नाही. तिला विमानाची भीती नाही, विमानतळावरच्या चालण्याची आहे. गुडघे गेलेत. मुलगी म्हणते चाकाची खुर्ची मिळते, तर सुमन म्हणते, "धडधाकट बाई खुर्चीत बसून मिरवू काय? लोक पाहतीन." म्हणून मुलगी सुट्टीत इकडे येते आणि एरवी भाऊ तिकडे जातात.

मागच्या हिवाळ्यात मला हैदराबादला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. परतीचं तिकीट मी भाऊंच्या बरोबरीनं काढलं. वाटलं, सोबत होईल. विमान दुपारी डुमनाला, आपल्या जबलपूरच्या विमानतळावर, उतरलं, लोक उभे राहिले, उतरले. मीही उठले, तर भाऊंनी मला हातानं खाली बसवलं.

"बसा ताई. आपलं काम बाकी आहे."

"आपलं?"

"आज गवाह पाहिजे मले."

मग आम्ही दोघं रिकाम्या विमानातून पुढे गेलो. हवाई सुंदरी ओळखीचं हसली. केबिनचं दार उघडंच होतं. आत पाहून मला वाटलं, आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्याएवढी जागा आणि त्यात सगळ्या गावाच्या विजेची बटणं. भिंतीवर बटणं, छतावर बटणं. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले, न जाणो कुठे काही लागायचं.

कॅप्टन बाई होत्या, तुमच्या आत्याच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "आइए अंकल, आइए आंटी."

भाऊंनी खणखणीत आवाजात प्रश्न टाकला. बाई हसल्या. "अंकल, सच बोलूँ? मुझे नहीं पता. ये तो हमारी कंपनी का है भी नहीं. किराये का है."

"किराये का?" भाऊंनी भिंतीला टेकवलेला हात काढून घेतला. "तो मालिक कौन है?"

"कोई बाहर की कंपनी है. नाम तो दरवाज़े के पास प्लेट पर लिखा होगा."

मी गोंधळले. तिकीट एका कंपनीचं, रंग त्याच कंपनीचा, विमान भलत्याचंच आणि इंजिन आणखी तिसऱ्याचं. मग आपलं काय होतं त्यात? मला वाटलं, झालं, आता निघू. पण भाऊ हलले नाहीत. हवाई सुंदरी मागे गेल्यावर ते जरा पुढे वाकले आणि एकदम बारीक आवाजात म्हणाले, "मैडम, एक और बात थी. आते टाइम शहर के ऊपर से लिया था क्या?"

"नहीं अंकल, आज हवा उल्टी थी. दूसरी तरफ़ से उतरे."

"अच्छा. मतलब चेरीताल नहीं दिखा होगा. एक छत है वहाँ. लाल गोधड़ी... रज़ाई जैसी, सूख रही होगी."

बाई सांभाळून म्हणाल्या, "अंकल, उतरते समय हम बस रनवे देखते हैं."

"हाँ हाँ. वो तो देखना ही चाहिए. चलो," भाऊ म्हणाले. "थँक्यू."

टॅक्सी डुमनाच्या झाडीतून निघाली. तेव्हा मी विचारलं, "भाऊ, ही गोधडी काय भानगड आहे?"

"काही नाही जी." मग खिडकीकडे पाहत त्यांनी सांगितलं. ते पहिल्यांदा विमानानं गेले तेव्हा सुमन म्हणाली होती, तुम्ही परत याल त्या दिवशी मी गच्चीवर आपली लाल गोधडी घालून ठेवीन, म्हणजे वरून घर ओळखू येईल. तिच्या आईच्या लुगड्यांची गोधडी आहे ती. पहिल्या दिवशी घरात पाऊल टाकताच तिनं विचारलं, दिसली का? दिसली नव्हती. भाऊ दुसऱ्या बाजूच्या खिडकीला होते.

"मग?"

"मंग काय. दिसली म्हटलं. तिनं गुडघे धरून दोन जिने चढून घातली, आन् मी नाही म्हणू काय? तेव्हापासून दर खेपेले दिसते. आतापर्यंत एकदाही नाही दिसली मले. म्हटलं पायलटले समोरून, दोन्ही बाजूनं दिसत असंल. त्यानं जरी पाह्यली तरी माहं बोलणं खोटं नाही ठरत."

"मग सरळ तेच विचारायचं. किंमत काहून विचारता?"

माझ्या तोंडून 'का'च्या जागी भाऊंचं 'काहून' गेलं, यावरून माझी अवस्था समजा.

"कमाल करता ताई. म्हाताऱ्या माणसानं जाऊन एकदम गोधडीचं विचारावं काय? भावाचं कसं, सगळ्याइच्या देखत विचारता येते."

आम्ही पोचलो तेव्हा सुमन फाटकात उभी होती. भाऊंच्या हातून पिशवी घेण्याआधीच तिनं विचारलं, "दिसली?"

"दिसली. एकदम साफ."

"कोणत्या बाजूनं?"

"डाव्या," भाऊ म्हणाले आणि माझ्याकडे न पाहता हातपाय धुवायला गेले.

मी सुमनबरोबर स्वयंपाकघरात गेले. ती चहाचं आधण ठेवत होती. मला राहवलं नाही. "सुमन, अगं दोन जिने चढून तू कशाला घालतेस ती गोधडी? गुडघे बघ."

तिनं मोरीकडे एकदा कान दिला. पाणी पडत होतं. मग हळू आवाजात म्हणाली, "कोण घालते ताई? दोन वर्षं झाली, गच्ची नाही पाह्यली मी. गोधडी पेटीत हाए, डांबरगोळ्या घालून."

"अगं, पण ते तर आत्ता..."

"म्हणू द्या न. दिसते म्हणतात, मले बरं वाटते. मी वर चढत नाही हे त्याइले कळलं त मले सोडून पोरीकडं जाणं बंद करतीन. आन् पोरगी तिकडं वाट पाहून राहिली असते. म्हणून आल्या आल्या मीच विचारून टाकते, दिसली का म्हणून."

तिनं चहात आलं किसलं. मी ओट्याशी उभी राहिले. नसलेली गोधडी एक जण दर खेपेला पाहत होता आणि न घातलेली गोधडी दिसली का, असं दुसरी दर खेपेला विचारत होती. आणि हे दोन्ही ठाऊक असलेली गल्लीत मी एकटी.

तुम्हाला माहीत आहे, मला गोष्टी जागच्या जागी लागतात. घरी येऊन मी कागदावर दोन रकाने आखले. एकावर 'भाऊंना सांगावं', दुसऱ्यावर 'सुमनला सांगावं' असं लिहिलं. त्याखाली काय लिहावं ते सुचेना. चार दिवस तो कागद टेबलावर होता. पाचव्या दिवशी मी त्याच्यावर शेंगा सोलल्या.

होळीच्या आधी भाऊ पुन्हा हैदराबादला गेले. ते परत यायच्या दिवशी सकाळी मी सुमनकडे गेले आणि तिच्या आईच्या गोधडीचे टाके पाहायचेत असं सांगितलं. तिनं मला पेटी दाखवली. घरी नेऊन पाहा म्हणाली. गोधडी माझ्या कल्पनेपेक्षा जड निघाली. मी ती आमच्या गच्चीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. दुपारी विमानाचा आवाज आला तेव्हा खालीच बसून राहिले. वर पाहून काय कळणार होतं? भाऊ घरी पोचायच्या आत मी ती उन्हाची गरम गरम घडी करून सुमनला नेऊन दिली.

भाऊ आले तेव्हा मी तिथंच चहा पीत होते, गोधडीची घडी अजून बाजूलाच होती.

"दिसली?" सुमननं विचारलं.

"दिसली." भाऊंनी चप्पल काढली. मग जरा थांबले. "पण या खेपेले थोडी सरकल्यावाणी वाटली. दोन घरं तिकडं."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. भाऊंनी खुर्ची ओढली आणि माझ्या हातातल्या कपाकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, हे नवे कप कितीले पडले सुमनले? सांगत नाही ती."

त्यांना खरंच दिसली, की विटांची धूळ गोधडीला लागली होती ती पाहून त्यांनी अंदाज केला, ते मला आजवर कळलेलं नाही. विचारावं तर काय म्हणून विचारावं?

तुम्ही जूनमध्ये येणार आहात. त्या दिवशी पाऊस नसला तर गोधडी आमच्या गच्चीवर असेल, सुमननं हो म्हटलंय. उतरताना एक जण डाव्या खिडकीला बसा, एक जण उजव्या. आणि हवा उलटी असली, कुठूनच काही दिसलं नाही, तरी फाटकात मी विचारलं की दिसली म्हणा.