प्राणी चालतील, भत्तेवाले नकोत

"वीस मिनिटांत येताय, की देऊ दुसऱ्याला?" फोनवरचा माणूस म्हणाला.

"पण आपलं सहा वाजता ठरलं होतं ना?"

"सहाला मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. एकोणीस मिनिटं राहिली."

ग्लेंडा थॅकरे इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावच्या चढावर उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला शेजारच्या विल्फची कुत्री डचेस. आता घरी जाऊन कुत्री परत करायची, बरा कोट चढवायचा आणि मग घर बघायला जायचं म्हटलं तर पाऊण तास हवा. ग्लेंडाने मनातल्या मनात त्या दाताच्या डॉक्टरचा उद्धार केला आणि डचेसला ओढत चढ चढायला लागली.

घाईला कारण होतं. ती राहायची त्या गल्लीतली सगळी घरं मालकाने विकायला काढली होती आणि गुरुवारी सकाळी घर रिकामं करायचं होतं. आज सोमवार. तिच्या नवऱ्याला, क्लाइव्हला, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणंही एकेका शब्दावर आलं. ग्लेंडा शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस राबायची आणि उरलेलं भाडं सरकारी भत्त्यातून भागायचं. तो भत्ताच नडत होता. एकेचाळीस घरमालकांना तिने फोन केले. भत्त्याचं नाव काढलं की कुणाचं घर त्याच क्षणी गेलेलं असायचं, कुणाच्या विमा कंपनीला चालत नसायचं. एकाने तर "तुम्ही स्वभावाने चांगल्या वाटता हो" असं म्हणून फोन ठेवला होता. बेघर होणाऱ्यांना कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, दिलेली खोली होती लांब स्कारबरोला, समुद्रकाठच्या एका लॉजमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. क्लाइव्ह तिसऱ्या मजल्यावर एकदा चढला असता तर पुन्हा कधी खाली उतरला नसता. शिवाय त्याला चालायला शिकवणारी बाई इथल्या इस्पितळात. स्कारबरोला कोण शिकवणार, डोंबल?

हे बेचाळिसावं घर मात्र तळमजल्याचं होतं. दोन झोपायच्या खोल्या. जाहिरातीत म्हटलं होतं, 'पाळीव प्राणी चालतील. भत्तेवाल्यांनी फोन करू नये.'

ग्लेंडाने ती जाहिरात शनिवारीच पाहिली होती आणि विल्फला दाखवली नव्हती. विल्फही त्याच गल्लीतला, त्यालाही गुरुवारीच निघायचं होतं आणि कुत्रीमुळे त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं. पण घर एकच होतं. या गोष्टीची तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटत असूनही तिने दाखवली नव्हती.

दार उघडणारे मिस्टर पिकर्सगिल म्हणजे निवृत्त खाटीक. जाडजूड, लालबुंद चेहरा, एक गाल सुजलेला. ते ग्लेंडाकडे बघून काहीतरी खवचट बोलणार होते, तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली.

"अरे वा!" ते म्हणाले आणि गुडघ्यांची कुरकुर न जुमानता चक्क फरशीवर बसले. "ग्रेहाउंड! शर्यतीतली का?"

"हो. निवृत्त झाली."

"माझी मेबलही ग्रेहाउंडच, गेल्या नाताळात गेली." त्यांनी डचेसचा ओठ हलकेच वर केला. "आणि हे दात तर बघा! या वयात असे दात! माझ्या तोंडात नाहीत हो असे. किती खर्च केला असेल! तुमचीच ना ही?"

खरं सांगायला एक सेकंद पुरला असता. ग्लेंडाने तो वाया घालवला.

"माझीच," ती म्हणाली.

"मग बाकी काही विचारायलाच नको. कुत्र्याची एवढी निगा राखणारा माणूस भत्त्यावर जगणारा नसतो. शिस्त लागते त्याला." पिकर्सगिल कसेबसे उठले. "फक्त एक. मी ग्रेहाउंड वाचवणाऱ्या मंडळात आहे. कुत्रं कसं राहतं ते घरी येऊन बघितल्याशिवाय मी कुणावर विश्वास ठेवत नाही. उद्या चारला येतो. सगळं ठीक असलं तर कागद तिथेच करू."

भाड्याच्या घरात माणसं कशी राहतील याची चौकशी नाही, कुत्रीच्या गादीची मात्र तपासणी! ग्लेंडाला हसू आलं आणि रडूही आलं.

मंगळवारी दुपारी ती विल्फच्या दारात उभी राहिली.

"अहो विल्फ, तासभर डचेसला नेऊ? क्लाइव्हला बरं वाटतं ती असली की."

विल्फ सत्तरी उलटलेला, बस चालवून चालवून कंबर गेलेला म्हातारा. "ने की."

"आणि तिची गादी पण."

"तासाभराला गादी?"

"आणि भांडं. आणि तो गुलाबी स्वेटर."

विल्फने भुवया वर केल्या. "पोरी, कुत्री फिरायला चाललीय की सासरी?"

पण दिलं सगळं. ग्लेंडाने गादी शेगडीजवळ मांडली, भांडं भरलं, डचेसला स्वेटर चढवला आणि क्लाइव्हच्या खुर्चीसमोर उभी राहिली. झटक्याने क्लाइव्हचं बरंच काही नेलं होतं, पण खोटं बोलण्याची कला मात्र पूर्ण नेली होती. मुळात ती त्याच्याकडे थोडीच होती.

"तू नुसतं हसायचं. कळलं? काही विचारलं की हसायचं."

"खोटं," क्लाइव्ह म्हणाला.

"हो, खोटं! तुला स्कारबरोचा तिसरा मजला हवाय का? मग हस!"

चारच्या ठोक्याला पिकर्सगिल आले. खिशात कागदांची सुरळी आणि पुडीत उकडलेली कलेजी. त्यांनी गादी दाबून पाहिली, भांड्यातलं पाणी पाहिलं, स्वेटरची शिवण पाहिली. क्लाइव्हला "कसे आहात?" म्हणाले. क्लाइव्ह हसला. ते खूश झाले. गाडी रुळावर होती.

"गुणी आहे हो," पिकर्सगिल कागद पसरत म्हणाले. "सही इथे करा."

ग्लेंडाने पेन घेतलं, आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे विल्फ खोकला.

त्या गल्लीतल्या भिंती म्हणजे नुसता देखावा. पलीकडे चमचा पडला तरी इकडे कळायचं. डचेसने कान टवकारले, गादीवरून उठली, भिंतीजवळ गेली आणि असा काही गळा काढला, की पिकर्सगिलच्या हातातली पुडी खाली पडली. मग ती दोन्ही पायांनी भिंत खरवडायला लागली.

"डचेस! बाळा!" भिंतीपलीकडून आवाज आला. "काय करताय रे माझ्या पोरीला?"

"माझ्या पोरीला?" पिकर्सगिल म्हणाले.

ग्लेंडाने क्लाइव्हकडे पाहिलं. क्लाइव्ह हसायचं विसरला होता.

"नाही... आमची," तो म्हणाला. "विल्फची."

मागच्या दाराने विल्फ काठी टेकत आत शिरला. डचेस त्याच्या पायांत घुटमळली. पिकर्सगिलचा सुजलेला गाल आणखी लाल झाला.

"म्हणजे कुत्री तुमची नाही. आणखी काय काय नाही तुमचं, बाई?"

ग्लेंडाने पेन खाली ठेवलं. आता लपवण्यासारखं राहिलंच नव्हतं. "आम्ही भत्त्यावर आहोत," ती म्हणाली. "भाडं एकदाही चुकवलं नाही, पण भत्त्यावर आहोत."

"भत्त्याचं एक वेळ समजलं असतं!" पिकर्सगिल गरजले. "पण कुत्र्याच्या बाबतीत खोटं?" ते विल्फकडे वळले. "ही गल्ली तर रिकामी होतेय म्हणतात. तुम्ही कुठे जाणार हिला घेऊन?"

"कुठे जाणार? कुणी घेत नाही कुत्रीला. तिला पिंजऱ्यात ठेवा म्हणतात आणि मला म्हाताऱ्यांच्या घरात."

"पिंजऱ्यात! या वयात!" पिकर्सगिलनी कागद उचलून विल्फसमोर धरले. "माझं तळमजल्याचं घर आहे. प्राणी चालतात. जाहिरात नाही का पाहिलीत?"

विल्फ सावकाश ग्लेंडाकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"होतं," ग्लेंडा म्हणाली. "शनिवारपासून. एकच घर होतं, विल्फ. एकेचाळीस जणांना मी क्लाइव्हचं सांगितलं. एकालाही दया आली नाही. हिचे दात बघून मात्र यांचे डोळे भरून आले. मग मी तरी काय करायचं होतं? तुम्ही घ्या घर. तुमचंच आहे."

विल्फ क्लाइव्हच्या शेजारच्या खुर्चीत टेकला आणि काठीची मूठ चोळू लागला.

"खोल्या किती?" त्याने पिकर्सगिलना विचारलं.

"दोन."

"मला एक पुरते. आणि ही कंबर. दोन वर्षं झाली, सकाळ-संध्याकाळ, गारठा असो की पाऊस, कुत्रीला ही पोरगी फिरवते. ती स्कारबरोला गेली तर डचेसला फिरवणार कोण? तुम्ही?" त्याने पेन ग्लेंडापुढे सरकवलं. "तिघांची नावं लिहा. नाहीतर मी येत नाही. आणि मी येत नाही म्हणजे डचेस पण येत नाही."

"भत्तेवाले मी ठेवत नाही!" पिकर्सगिल म्हणाले. पण डचेसने खाली पडलेली कलेजी संपवून त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकली होती, आणि त्यांचा आवाज मध्येच खचला. "निदान तुमचं तरी पेन्शन भरवशाचं आहे ना?"

"ठरल्या दिवशी येतं. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नाही."

तीन सह्या झाल्या. चौथी पिकर्सगिलनी केली आणि घाम पुसला. "आता ते पेन्शनचं पत्र द्या. एजंटला लागतं."

विल्फने कोटाच्या आतल्या खिशातून खाकी लिफाफा काढून दिला. पिकर्सगिलनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हा तर भत्ता आहे!"

"मग काय तर! बसवाल्याच्या पेन्शनमध्ये घर चालतं होय? घरभाड्याचा आहे, वरखर्चाचा आहे."

"म्हणजे... तिघंही?"

"चौघं," क्लाइव्ह म्हणाला. या वेळी तो खरंच हसत होता.

"खरंय त्याचं," विल्फ म्हणाला. "ही पण त्यातलीच. भत्तेवाल्यांच्या जनावरांना धर्मादाय दवाखाना असतो ना वरच्या रस्त्याला? दात तिथलेच. फुकट."

पिकर्सगिल सह्या केलेल्या कागदाकडे बघत राहिले. मग मांडीवरच्या तोंडाकडे. त्यांचा एक हात आपल्या गालाकडे गेला. त्यांनी काल त्या दाढेचे किती मोजले होते, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"हॅलो. हो, मीच. तळमजल्याचं, हो. नवरा काय करतो? हे बघा बाई, भत्तेवाल्यांना आम्ही..." डचेसने एक डोळा उघडला. पिकर्सगिल अडखळले, खाकरले.

"घर गेलं, बाई," ते म्हणाले. आणि या एका घराच्या बाबतीत ते खरं होतं. मग फोन ठेवता ठेवता थांबले. "जरा धरा. वरचा मजला पुढच्या महिन्यात रिकामा होतोय. तुमच्याकडे कुत्रं आहे का?"

ग्लेंडाने पुढे होऊन फोनजवळ तोंड नेलं.

"हो म्हणा!" ती ओरडली.