झाड नेसलेलं जंगल

एका जंगलात सगळे प्राणी कपडे घालायचे. हसू नका, मुलांनो. तुम्हीही घालताच की.

ही पद्धत फार जुनी. कुणा एका सिंहाने म्हणे शिकारीला आलेल्या राजपुत्राचा शेला पळवला, गळ्यात घातला आणि तळ्यात वाकून स्वतःला पाहिलं. त्या दिवसापासून उघडं फिरणं असभ्य ठरलं. खालच्या मुलखातून गाढवं सुती कापड आणायची. पाडव्याला प्रत्येकाला एक कापड मिळायचं. ते वर्षभर वापरायचं. फाटलं की शिवायचं. शिवणीच्या पलीकडे गेलं की पिल्लांना दुपटं, आणि दुपट्याच्या चिंध्या झाल्या की बिळाच्या तोंडाशी पायपुसणं.

तळ्याच्या काठी एक सावर होती. तिच्यावर खारींचं एक घराणं राहायचं. त्या घराण्यात माघात नवी सून आली. तिचं नाव बकुळा.

बकुळा कमी बोलायची. नव्या सुनेने कमी बोलावं असं सासूबाईंचं मत होतं, आणि बोलून फारसा उपयोग होत नाही असं बकुळाचं. त्यामुळे दोघींचं चांगलं जमायचं.

लग्नाच्या वेळी सावर लाल फुलांनी भरली होती. दुसऱ्या बेचक्यात बकुळाने आणि तिच्या नवऱ्याने, म्हणजे झुपकेरावांनी, घरटं बांधलं. झुपकेरावांनी काड्या आणल्या आणि बकुळाने त्यांतल्या निम्म्या परत पाठवल्या. पाच दिवस लागले. सावरीची बोंडं फुटली की त्या कापसाची आत गादी करायची, असा तिचा बेत होता. माहेरी ती सहा भावंडांत एका ढोलीत झोपली होती. आपलं म्हणावं असं काही तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

आता साळूबाईंची गोष्ट ऐका. साळूबाई म्हणजे एक म्हातारी साळिंदर. तिने एक शोध लावला होता. वाऱ्याने पडलेल्या फांद्या ती गोळा करायची, ठेचायची आणि राखेच्या पाण्यात शिजवून त्यांचा लगदा करायची. मग वाळलेल्या भोपळ्याला आपल्याच काट्यांनी बारीक भोकं पाडून त्यातून तो लगदा दाबायची. सोऱ्यातून शेव पडावी तसे धागे पडायचे. त्या धाग्यांचं कापड मऊ आणि थंडगार व्हायचं. राखेचं पाणी ती फेकत नसे. गाळून पुन्हा तेच वापरायची.

"महिन्याला एक कापड होतं," ती सांगायची. "वारा देईल तेवढंच घ्यायचं. झाडाकडे मागायला जायचं नाही."

फाल्गुनात सिंहमहाराजांनी सभा बोलावली. तळ्याचं पाणी खाली गेलं होतं आणि त्याचं कारण कुणालातरी सांगायला हवं होतं. ते काम मयूररावांनी अंगावर घेतलं. मयूरराव हे मोर. जन्मतःच सगळ्यांत भारी वस्त्र अंगावर असल्यामुळे वस्त्रसमितीचे अध्यक्षही तेच होते.

"मित्रांनो, कापूस पाणी किती पितो ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"किती?" रानडुक्कर म्हणालं.

"फार," मयूरराव म्हणाले. "आणि झाड काय देतं?"

"सावली!" सगळे ओरडले.

"मग अंगावर काय घ्यावं? पाणी पिणारा कापूस, की सावली देणारं झाड?"

"झाड! झाड!"

साळूबाईंना पुढे बोलावून गळ्यात हार घातला. काटे असल्यामुळे तो लगेच अडकला आणि शेवटपर्यंत निघाला नाही. "अहो, पण वाऱ्याने पडलेलंच लाकूड..." त्या बोलू लागल्या.

"आजी, तुम्ही आता संस्थापक," मयूरराव म्हणाले. "संस्थापकांनी फक्त बसायचं."

पाडव्याला गाढवं आली नाहीत. त्याऐवजी वृक्षवस्त्रं आली. आता, मुलांनो, गंमत बघा. सुती कापड वर्षाला एक मिळायचं, तेव्हा दुसरं मागायची लाज वाटायची. वृक्षवस्त्राची लाज कशाला? ते तर जंगल वाचवतं. मग एक घालून जेवढं जंगल वाचेल, त्याच्या चौपट चार घालून वाचणार नाही का? हिशोब सोपा होता आणि सगळ्यांना आला.

हरणांनी सकाळचं वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं कापड सुरू केलं. माकडांनी फांदीगणिक बदललं. रानडुक्कर एकावर एक तीन घालून घामाघूम फिरायचं.

"उकडत नाही का हो?" झुपकेरावांनी विचारलं.

"उकडतं. पण जंगलासाठी सोसायला नको का कुणीतरी?"

काल घातलेलं आज घालणं मागासपणाचं ठरलं. शिवायला तर कुणाला वेळच नव्हता. टाकलेल्या कापडांचा तळ्याकाठी ढीग झाला, पण त्याबद्दल कुणाला काही वाटलं नाही, कारण तो ढीग चांगल्या कापडांचा होता. साळूबाईंचं पाणी गाळणंही समितीने बंद केलं. फार वेळ जातो म्हणून. शिजवलेलं पाणी सरळ तळ्यात सोडायला लागले. बकुळाला वरून सगळं दिसायचं. एके सकाळी तिला मासे पोटं वर करून तरंगताना दिसले. तिने नवऱ्याला दाखवलं, नवऱ्याने मयूररावांना विचारलं.

"मासे कपडे घालत नाहीत," मयूरराव म्हणाले. "त्यामुळे तो विषय समितीच्या कक्षेत येत नाही."

वाऱ्याने पाडलेलं लाकूड पंधरा दिवसांत संपलं. समितीने वाऱ्यावर ठपका ठेवला आणि त्याच्या मदतीला गवा नेमला. रानडुकरांनी सुळ्यांनी बुंधा पोखरायचा, गव्याने खांदा लावायचा. तरीही पडलेलंच लाकूड वापरायचा नियम मोडला नव्हता. गव्याने ढकललं की झाड पडतंच.

चैत्राच्या अखेरीस सावरीच्या बुंध्यावर गेरूचा पट्टा उमटला.

सासूबाईंना आनंदाने काय करू नि काय नको झालं. "आपल्या झाडाचा नंबर लागला गं! त्या चिंचेवाल्या खारी किती मिरवत होत्या. आता बघू म्हणावं."

"सासूबाई," बकुळा म्हणाली, "मग राहायचं कुठे?"

"अगं, एक झाड पाडलं की दोन लावतात ना. समिती काय वेडी आहे?"

बकुळा दोन झाडं बघायला गेली. चिंचेच्या खुंटाशेजारी ती लावली होती. दोन पानांची दोन रोपं. तिने एकावर पाय ठेवून पाहिला. रोप वाकून जमिनीला टेकलं आणि तिनेच ते हाताने सरळ केलं.

"तोवर काय करायचं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"बघू," झुपकेराव म्हणाले. ते चांगले होते, पण बघू म्हणायचे.

"सावरीला कापूस झाडावरच लागतो हो. आणखी पंधरा दिवसांत बोंडं फुटतील. झाड न पाडता मिळतो तो. सांगा ना त्यांना."

झुपकेराव गेले आणि सांगून आले. सावरीचा कापूस तोकडा असतो, त्याचं सूत निघत नाही, त्याच्या फार तर उशा होतात आणि उशांचं खातं वेगळं आहे, असं उत्तर मिळालं.

समारंभाच्या दिवशी सावरीला हार घातला. सिंहमहाराज आले. बोंडं अजून हिरवीच होती. नवी सून समोर असली की तिला नाव घ्यायला लावतात, ही पद्धत जंगलातही आहे. नव्या सुनेने एरवी तोंड उघडू नये, पण चारचौघांत यमक जुळवून बोलावं.

"बकुळा, नाव घे!" सगळ्याजणी ओरडल्या.

बकुळाने पाहिलं, की सगळे गप्प झाले आहेत आणि आपल्याकडेच बघताहेत. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तिने श्वास घेतला.

"सावरीच्या फांद्यांत मांडलाय संसार,
झुपकेरावांचं नाव घेते, झाडावर नका करू वार."

टाळ्या कडाडल्या. सिंहमहाराजांनी आयाळ झटकली. हरणींनी डोळे टिपले.

"वा! यमक काय जमलंय!" मयूरराव म्हणाले.

"माहेरचं वळणच चांगलं आहे," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

"वन्समोअर!" माकडं ओरडली.

बकुळाने पुन्हा म्हटलं. या वेळी शब्द एकेक सुटा करून म्हटलं, लहान मुलांना समजावतात तसं. आणखी मोठ्या टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच गव्याने खांदा लावला. दुसरं बेचकं घरट्यासकट जमिनीवर आलं, तेव्हा आतल्या काड्या विखरून सगळ्या पाहुण्यांच्या पायांशी गेल्या. कुणीतरी त्यातली एक दात कोरायला घेतली.

महिनाभर खारींचं घराणं खुंटाच्या भोकात दाटीवाटीने राहिलं. रात्री मुंगसाची चाहूल लागली की कुणी श्वास सोडत नसे. मग एक दिवस मयूरराव स्वतः आले, मागे वाजंत्री. समितीने नवदांपत्याला भेट पाठवली होती. वृक्षवस्त्राची झोळी. त्याच सावरीपासून विणलेली.

"घराच्या बदल्यात घर," मयूरराव म्हणाले. "शिवाय हे धुता येतं."

झोळी खरोखर सुरेख होती. बकुळाने हात फिरवला. असं मऊ तिने कधी काही पाहिलं नव्हतं, हे तिला कबूल करावं लागलं.

"अहो, पण बांधायची कुठे?" तिने विचारलं.

"ते लाभार्थींनी बघायचं," असं म्हणून मयूरराव गेले.

दोघे झोळी घेऊन दिवसभर हिंडले. जिथे झाड होतं तिथे गेरूचा पट्टा होता, आणि पट्टा नव्हता तिथे रोप होतं. शेवटी परत आल्यावर त्यांना सावरीच्याच जागेवर नुकतेच रोवलेले दोन खांब दिसले. खांबांवर समितीचा फलक होता: 'येथील वृक्ष वस्त्ररूपाने अमर झाला आहे.' फलकाखाली त्यांनी झोळी बांधली. चार दिवस बरी झोप लागली.

पाचव्या दिवशी मयूरराव फलक पाहायला आले. त्यांनी खांबावर चोच वाजवून पाहिली. मान तिरकी केली. पुन्हा वाजवली.

"लाकूड दिसतंय," ते म्हणाले, आणि गेरूचं मडकं मागवलं.

 बकुळाने झोळीच्या गाठी सोडल्या, झोळीची घडी घातली आणि ती मयूररावांच्या पायांशी ठेवली.

"अहो, चला," ती नवऱ्याला म्हणाली.

"कुठे?"

"जिथे सगळे उघडे फिरत असतील, तिथे."

"शी!" सासूबाई म्हणाल्या. "असल्या लोकांत राहायचं? अंगावर चिंधीसुद्धा नाही ज्यांच्या?"

"त्यांच्याकडे झाडं असतील, सासूबाई."

सासूबाई बराच वेळ खुंटाकडे बघत बसल्या. मग उठल्या आणि पदर घट्ट खोचून मागोमाग निघाल्या. जंगलाच्या वेशीवरचा ओढा ओलांडताना तो पदरही त्यांनी लुगड्यासकट सोडून दिला, पण सगळ्यांच्या नजरेआड झाल्यावर.

तात्पर्य : मुलांनो, झाडांवर प्रेम करावं, पण आधी माप घेऊन करावं. म्हणजे पुढे कापड कमी पडत नाही.